ठाण्याच्या पलीकडे

नवी ओळख झाली की समोरच्या माणसाबद्दल आपल्याला तीन गोष्टी जाणून घ्यायच्या असतात. त्याचं कूळ, त्याचा पगार आणि त्याची राहणी. पण सभ्यता आड येते. मग आपण एकच निरुपद्रवी प्रश्न विचारतो, "राहायला कुठे?" या प्रश्नाचं उत्तर मिळालं की तिन्ही गोष्टी कळल्यासारख्या वाटतात. 'ठाणे' म्हटलं की समोरचा मान डोलावतो. 'कल्याण' म्हटलं की "वा, जुनं गाव!" म्हणतो. 'डोंबिवली' म्हटलं की "गाडीला गर्दी फार असेल नाही?" असं, आजारी माणसाची चौकशी करावी त्या सुरात विचारतो. 'उल्हासनगर' म्हटलं की आपल्या मनगटावरच्या घड्याळाकडे उगाच बघतो आणि 'बदलापूर' म्हटलं की आपल्याला घरी लवकर निघायचं असेल, या कल्पनेने चहा आटोपता घेतो.

या गावांनी हे नावलौकिक कमावले कसे, याचा मला पहिल्यापासून कुतूहलयुक्त राग आहे. कारण मी डोंबिवलीत राहतो. आमचे गिरगावातले मामा हयात होते तोवर आमच्याकडे येताना पिशवीत टॉर्च घेऊन येत. "अहो मामा, आमच्याकडे वीज आहे," असं आई दर वेळी सांगायची. "असू दे गं, ठाण्याच्या पलीकडे माणसाने तयारीत असावं," हे मामांचं ठरलेलं उत्तर. मामांच्या मते मुंबई माटुंग्याला संपत होती, संस्कृती मुलुंडला आणि पृथ्वी ठाण्याला.

आता पृथ्वी ठाण्याला संपण्याची समजूत अगदीच निराधार नाही. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून सुटलेली पहिली आगगाडी ठाण्यालाच संपली होती. साहिब, सिंध आणि सुलतान अशी भारदस्त नावं असलेली तीन इंजिनं, चौदा डबे, चारशेच्या आसपास निमंत्रित आणि तोफांची सलामी असा तो थाट होता. एकवीस मैलांचं हे अंतर गाडीने साधारण तासाभरात कापलं, असं सांगतात. आजची धीमी लोकलही तेवढाच वेळ घेते. परंपरा जपण्याच्या बाबतीत रेल्वेचा हात कोणी धरणार नाही! मात्र त्या दिवशी चारशेच्या चारशे माणसं बसून गेली होती. प्रवासाच्या इतिहासात हा प्रकार नंतर फारसा घडलेला नाही.

ठाण्याला मात्र स्वतःची ओळख रेल्वेने दिली असं म्हटलेलं खपत नाही आणि ते बरोबरच आहे. शिलाहार राजांच्या काळात उत्तर कोकणची ही राजधानी, 'श्रीस्थानक'. पुढे पोर्तुगीज आले, त्यांनी किल्ला बांधायला घेतला, तो १७३७ साली मराठ्यांनी घेतला आणि १७७४ साली इंग्रजांनी. इंग्रजांनी काही दिवसांनी या किल्ल्याचा तुरुंग केला. दुसऱ्या बाजीरावाचे विश्वासू त्रिंबकजी डेंगळे १८१६ साली इथूनच निसटले. बाहेर घोड्याला खरारा करणारा एक मोतद्दार गाणं गुणगुणत होता आणि त्या गाण्यातच पळण्याचा बेत गुंफलेला होता, अशी कथा आहे. पहाऱ्यावरच्या गोऱ्या शिपायांना मराठी येत नव्हतं, म्हणून साधलं. शेजाऱ्याची भाषा शिकून घ्यावी असं मी लोकांना सांगतो ते यासाठीच.

पण लोकांनी ठाण्याचं नाव घेतलं ते ना शिलाहारांमुळे, ना डेंगळ्यांमुळे. १९०१ साली तिथे मनोरुग्णांचं इस्पितळ निघालं आणि पुढची सत्तर-ऐंशी वर्षं अवघ्या महाराष्ट्राने ठाण्याची चेष्टा केली. घरात कोणी जरा विसंगत बोललं की "याला ठाण्याला न्या." मराठी सिनेमातल्या आणि नाटकातल्या विनोदी पात्रांनी हे वाक्य झिजवून गुळगुळीत केलं. त्याच ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालापासून आहे, म्हणजे इस्पितळाच्या आधीपासून. पण "याला ठाण्याला न्या, जरा वाचेल तरी," असं कुणी म्हटल्याचं ऐकिवात नाही. १९७८ साली मासुंदा तलावाच्या काठी गडकरी रंगायतन उभं राहिलं आणि १९८२ साली महानगरपालिका झाली. घोडबंदर रस्त्याला उंचच उंच मनोरे उगवले. मग तो विनोद हळूहळू मागे पडला. वेडं कोणी कमी झालं म्हणून नव्हे, चौरस फुटाचा भाव वाढला म्हणून. भाव वाढला की गावाची अक्कल आपोआप वाढते, हा या इतिहासातला पहिला धडा.

पुढच्याच वर्षी, म्हणजे १८५४ साली, गाडी कल्याणला पोचली. कल्याणला त्याचं फार अप्रूप वाटलं असेल असं मला वाटत नाही. ज्या गावच्या व्यापाऱ्यांनी दिलेल्या दानाचे लेख कान्हेरीच्या लेण्यांत कोरलेले आहेत, ज्याच्या खाडीत १६५७ नंतर शिवाजीमहाराजांनी आरमाराची सुरुवात केली, त्या गावाने आगगाडीकडे पाहून "आलात? बसा," एवढंच म्हटलं असणार. डॉक्टर आनंदीबाई जोशी १८६५ साली जन्मल्या त्या याच गावात. अमेरिकेत जाऊन १८८६ साली त्या पदवी घेऊन आल्या, तेव्हा उरलेल्या महाराष्ट्रात बायकांनी उंबरा ओलांडावा का, यावर परिसंवाद चालू होते.

एवढी पुण्याई गाठीला असताना कल्याणची कीर्ती कशावर ठरली? तर 'जंक्शन'वर! बोरघाटातून पुण्याकडे जाणारा मार्ग १८६३ साली आणि थळघाटातून नाशिककडे जाणारा १८६५ साली पुरा झाला. दोन्ही वाटा फुटल्या कल्याणला. तेव्हापासून लाखो माणसांनी कल्याण पाहिलं ते फलाटावरून, एका हातात ट्रंक आणि दुसऱ्या हातात पोर धरून, "आपली गाडी कुठल्या नंबरला?" असं ओरडत. ज्या गावात आपण फक्त गाडी बदलतो त्या गावाबद्दल चांगलं मत कसं होणार? मुंबईला जायचं म्हणून निघालेल्या कितीतरी माणसांनी उभ्या आयुष्यात कल्याण स्टेशनचा पूल ओलांडलेला नाही आणि तरीही "कल्याण ना? माहीत आहे, फार गर्दी," असं ती ठासून सांगतात. पुराणपुरुषाने तिकीट तपासनीसाची नोकरी धरावी तसं कल्याणचं झालं.

या दोघांच्या मधे डोंबिवली. १८५४ साली गाडी पहिल्यांदा या भागातून गेली तेव्हा खिडकीतून भाताची खाचरं दिसत होती. खाचरं आगरी शेतकऱ्यांची. ही मंडळी इथली मूळची. पुढे त्या खाचरांवर आमच्या सोसायट्या उभ्या राहिल्या आणि सोसायट्यांना आम्ही जी नावं दिली ती आमच्या कोकणातल्या कुलदैवतांची. ज्याच्या बांधावर पाया खणला त्याच्या कुलदेवीचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

डोंबिवली वाढली ती कुणा राजाच्या कृपेने नव्हे. ती वाढली भाडेकायद्याने. १९४७ च्या मुंबईच्या भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या बिऱ्हाडांची भाडी १९४० च्या आसपासच्या आकड्यांवर गोठवली. गिरगाव-दादरच्या चाळीत बसलेला माणूस बसल्या जागी सुखी झाला. पण त्याला तीन मुलगे होते. खोल्या दोन. थोरल्याचं लग्न झालं की त्याने गॅलरीत बिछाना टाकायचा, मधल्याचं ठरलं की पंचाईत. नवी चाळ बांधून भाड्याने देणं मालकाला परवडेना आणि रिकामी खोली हवी तर पागडी हवी. पागडी भरण्याइतका पैसा ज्याच्याकडे होता त्याला खोली लागत नव्हती. तेव्हा मधल्या भावाने नव्या नवरीला घेऊन गाडी पकडली आणि ठाण्याच्या पलीकडे जिथे विहिरीला पाणी आणि जागेला परवडणारा भाव होता तिथे उतरला. १९८२ च्या गिरणी संपानंतर गिरणगावातलीही माणसं खोल्या विकून याच वाटेने आली. आमची सबंध सांस्कृतिक नगरी ही अशी मधल्या भावांनी वसवलेली आहे. सांस्कृतिक हे नाव नंतर आलं, आधी बादल्या आल्या.

नाव मात्र आलं. एकाच गाडीने आलेल्या, एकाच प्रकारच्या कचेऱ्यांत खर्डेघाशी करणाऱ्या इतक्या माणसांना रविवारी करायला काही उद्योग हवा होता. त्यांनी व्याख्यानमाला काढल्या, वाचनालयं काढली, नाटकाच्या तालमी घेतल्या. पु. भा. भावे इथे राहिले, शं. ना. नवरे इथे राहिले. पाडव्याच्या स्वागतयात्रेची प्रथा १९९९ साली इथून निघाली आणि गावोगाव गेली. २०१७ साली नव्वदावं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन इथे भरलं. आणि दिवाळीच्या पहाटे फडके रोडवर तरुण मुलामुलींची जी गर्दी लोटते तिचा अभ्यास अजून कोणी केलेला नाही. केला तर डोंबिवलीतली किती लग्नं पत्रिका न बघता ठरली त्याचा उलगडा होईल. या सगळ्यापेक्षाही मोठं सांस्कृतिक कार्य मी मानतो ते पोळीभाजी केंद्राचं. नवराबायको दोघंही साडेसातच्या गाडीने गेली आणि रात्री साडेआठला आली तर पोळ्या लाटणार कोण, या प्रश्नाचं इतकं रुचकर उत्तर कुठल्याही समाजसुधारकाने दिलेलं नाही.

पण गावाला एक नाव मिळालं की त्याच्याआड बाकीचं झाकतं. स्टेशनच्या एका टोकाला व्याख्यानमाला चालू असताना दुसऱ्या टोकाला एमआयडीसीत रसायनांचे कारखाने उभे राहिले होते. आधी कारखाने आले, मग घरं त्यांना जाऊन भिडली. २०१४ च्या जानेवारीत तिथे हिरवा पाऊस पडला आणि २०२० साली एक रस्ताच गुलाबी झाला. लोकांनी त्यावर विनोद केले, मीही केले. आमच्याकडे ऋतूही रंगीत असतात, वगैरे. २६ मे २०१६ रोजी एका कारखान्यात स्फोट झाला, २३ मे २०२४ रोजी दुसऱ्या एका कारखान्यात झाला. दोन्ही वेळा माणसं गेली, बहुतेक कामगार. लांबलांबच्या घरांच्या काचा फुटल्या. त्यावर मात्र विनोद सुचला नाही. मेलेले कामगार ज्या वस्त्यांतून आले होते त्यांना कोणी सांस्कृतिक म्हणत नाही, पण डोंबिवलीच्या पत्त्यात त्यांचंही नाव होतं.

कल्याणच्या पुढे गेलं की उल्हासनगर. इथे मला जरा आवाज चढवायचा आहे. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्करी छावणी होती. युद्ध संपलं, बराकी रिकाम्या झाल्या. मग फाळणी झाली आणि सिंधमधून निघालेली सुमारे लाखभर माणसं या बराकींत येऊन पडली. एका बराकीत अनेक कुटुंबं, मधे गोणपाटाचे पडदे. १९४९ साली गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वस्तीचं बारसं झालं आणि शेजारून वाहणाऱ्या नदीवरून 'उल्हासनगर' हे नाव ठेवलं. घरदार टाकून आलेल्या माणसांच्या छावणीला उल्हासनगर म्हणायला मोठी हिंमत लागते! पण नाव खरं करून दाखवलं त्यांनीच. बायकांनी पापड लाटले, पुरुषांनी ते गाडीत विकले. कोणी मिठाई केली, कोणी लाकूडसामान, कोणी कापड. पुढे जीन्स शिवणारी यंत्रं घराघरांत धडधडू लागली.

आणि आपण त्यांना काय दिलं? एक विनोद. 'मेड इन यूएसए', म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन! या विनोदावर दोन पिढ्या हसल्या. हसता हसता त्यांनी तिथलीच पेनं, तिथलेच पट्टे आणि तिथलंच फर्निचर निम्म्या किमतीत घरी आणलं. आमच्या मामांनी कॅम्प नंबर दोनमधून आणलेलं कपाट त्यांच्या खोलीत पंचवीस वर्षं होतं. कोणी विचारलं तर मामा सांगत, "लॅमिंग्टन रोडचं आहे." कपाट काही बोललं नाही. अजूनही तिथला माणूस पत्ता सांगताना "कॅम्प चार, कॅम्प पाच" असं सांगतो. छावणी उठून पाऊणशे वर्षं झाली, पण पत्त्यातून गेली नाही.

त्यापुढे अंबरनाथ. इथलं शिवमंदिर १०६० सालचं, शिलाहारांचं. दगडात इतकं बारीक काम की बघणाऱ्याच्या मानेला रग लागते. त्याच गावात आगपेट्यांचा कारखाना आला आणि पुढे दारूगोळ्याशी संबंधित सरकारी कारखाना. विसाव्या शतकातल्या मराठी माणसाला अंबरनाथ कळलं ते चूल पेटवताना. नऊशे वर्षं उभं असलेलं देऊळ एका बाजूला आणि एका फटक्यात विझणारी काडी दुसऱ्या बाजूला. लोकांनी काडी लक्षात ठेवली.

आणि बदलापूर! पूर्वी घोड्यावरून प्रवास करणारे इथे घोडे बदलत, म्हणून बदलापूर, अशी लोकांची समजूत आहे. बोरीबंदरपासून अडुसष्ट किलोमीटर. तिथे राहणाऱ्या माणसाकडे बघण्याची आम्हा डोंबिवलीकरांची दृष्टी अगदी मामांसारखी असते, फक्त हातात टॉर्च नसतो. २७ जुलै २०१९ रोजी पुराच्या पाण्यात महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीच्या दरम्यान अडकली. हजारावर प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावं लागलं आणि गावकरी मदतीला धावले. त्या दिवशी अख्ख्या देशाने बदलापूरचं नाव ऐकलं. दुसऱ्या दिवशी आमच्या शेजारचे काका मला म्हणाले, "बघितलंस? तिकडे असंच व्हायचं." काकांच्या स्वतःच्या सोसायटीत २६ जुलै २००५ रोजी तळमजल्यावरचे फ्रिज तरंगत होते. पण ते पाणी सांस्कृतिक असावं.

म्हणजे बघा, ही सगळी एक उतरंड आहे. गिरगाव दादरला हसलं, दादर ठाण्याला, ठाणं डोंबिवलीला, डोंबिवली बदलापूरला. प्रत्येक गाव आपल्या पुढच्या स्टेशनाला जंगल म्हणतं आणि स्वतः जंगल होतं ते सोयीने विसरतं. यातल्या काही गावांना तर आपण शहर आहोत की खेडं हेही नीट ठरवू दिलेलं नाही. कल्याण-डोंबिवली महानगरपालिका १९८३ साली झाली तेव्हा आसपासची सत्तावीस गावं तिच्यात घातली. २००२ साली ती बाहेर काढली. २०१५ साली पुन्हा आत घेतली. नवविवाहित मुलगीसुद्धा माहेर-सासर इतक्या वेळा करत नाही. तीसुद्धा निदान आपल्या मर्जीने करते.

या सगळ्या गावांना बांधून ठेवणारी गोष्ट एकच, लोकल. तिच्यात ही उतरंड मोडते. सकाळी डोंबिवलीला मुंबईच्या गाडीत शिरता येत नाही म्हणून आमचे लोक आधी उलटे कल्याणला जातात, तिथे गाडीत बसून परत डोंबिवलीवरून मुंबईला. पुढे जाण्यासाठी आधी मागे जावं लागतं, हे तत्त्वज्ञान कुठल्या ग्रंथात असेल तर असो, आम्हाला ते पासावर मिळालं. बदलापूरहून बसून आलेल्या माणसाचा जो द्वेष डोंबिवलीकर सकाळी करतो तो इतर वेळच्या तुच्छतेचं व्याज असतं.

९ जून २०२५ रोजी सकाळी मुंब्र्याजवळच्या वळणावर दोन गाड्या शेजारून जात असताना दारात लटकलेली माणसं खाली पडली. त्यातली काही गेली. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात ती कुठल्या गावची होती तेही छापून आलं होतं. ते वाचताना या गावचा लौकिक काय नि त्या गावचा काय, हा विचार एका क्षणालाही मनात आला नाही. सगळी घरून डबा घेऊन निघालेली माणसं होती. त्यांना मुंबईत काम होतं आणि मुंबईत राहायला जागा नव्हती. या गावांचा खरा इतिहास एवढाच आहे, बाकीचं शिलालेखात आहे.

गाडीत एक रिवाज आहे. तिघांच्या बाकावर चौथा येतो आणि म्हणतो, "जरा सरकून घ्या." बसलेले तिघं आधी त्याच्याकडे रागाने बघतात, मग खिडकीबाहेर बघतात आणि शेवटी नाइलाजाने इंचभर सरकतात. चौथ्याला अर्धीच जागा मिळते, पण ती मिळते. पुढच्या स्टेशनला आणखी कोणी आला की तोच चौथा कपाळाला आठ्या घालून म्हणतो, "कुठे जागा आहे इथे?" ठाण्यापासून बदलापूरपर्यंतची सगळी गावं अशीच वसली. आता वांगणी, शेलू, नेरळपर्यंत इमारतींच्या जाहिराती लागल्या आहेत. स्टेशनपासून पाच मिनिटं, निसर्गाच्या सान्निध्यात. कुणीतरी मधला भाऊ तिथे नव्या नवरीला घेऊन उतरत असेल. त्याच्याकडे पाहुणे जातील तेव्हा त्यांनी पिशवीत टॉर्च नेऊ नये, एवढंच माझं म्हणणं आहे. फार तर डोंबिवलीच्या पोळ्या न्याव्यात.